केशरबाईच्या गळ्यातली सवत

केशरबाईच्या सवतीएवढी गुणाची सवत अख्ख्या वलगावात कोणाला मिळाली नसेल. एक तर ती मेलेली होती. दुसरं म्हणजे ती केशरबाईच्या गळ्यातच राहायची, बोटाच्या पेराएवढ्या चांदीच्या टाकावर, हात जोडून उभी. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती बोलायची फक्त केशरबाईशी.

ज्याची पहिली बायको मेली त्याच्या घरी दुसरी आली, की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचा ही रीत. ताटातला पहिला घास तिला दाखवायचा. सणाचं लुगडं आधी तिच्यापुढं ठेवायचं, मग आपल्या अंगाला लावायचं. नाही तर ती दूध नासवते, लेकरं आजारी पाडते. केशरबाई चौदाव्या वर्षी खुशालरावाच्या घरात आली तेव्हा सासूनं हे सगळं तिला डोळे वटारून सांगितलं होतं. पहिलीचं नाव मनकर्णा. पेढी नदीवर धुणं घेऊन गेली आणि पुरात वाहून गेली. दगडावर नुसतं लुगडं सापडलं. "तिचा जीव अटकून हाय," सासू म्हणाली, "सांभाळून राह्यजो."

केशरबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, पण अक्कल काही शाळेत वाटत नाहीत. आठ दिवस तिनं गुमान घराचा रंग पाहिला. सासू लेक-सुनेच्या मधात खाट टाकून झोपायची. नवव्या दिवशी सकाळी केशरबाई केस मोकळे सोडून उठली आणि म्हणाली, "आत्याबाई, सपनात आली होती ते. म्हणे, मधातली खाट काढा."

खाट त्याच दिवशी ओसरीत गेली.

तेव्हापासून तीस वर्षं सवत अधूनमधून येत राहिली. कधी तिला हिरवं काठाचं लुगडं पाहिजे असे. कधी धाकट्या जावेनं चूल वेगळी मांडावी असं तिच्या मनात येई. एकदा तर तिनं मागच्या अंगणात विहीर खोदवून घेतली. आता पाण्यात बुडालेल्या बाईला विहीर कशाला पाहिजे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. खुशालराव मिशीला पीळ देऊन गावभर फिरणारा माणूस, पण सवतीचं नाव निघालं की खाली पाहून "बरं" म्हणे. घर खुशालरावाचं होतं, शेत खुशालरावाचं होतं आणि चालत होतं केशरबाईच्या गळ्यातल्या टाकावर.

अशी ही कामाची बाई बासष्ट साली पहिल्यांदा हरली.

धाकटी लेक दुर्गा अठरा वर्षांची झाली होती. खुशालरावानं तिच्यासाठी अकोल्याचा सूर्यभान पाहिला. जुन्या शहरात दुमजली घर, कापसाच्या बाजारात वजन, वय पस्तिशीच्या पुढं, आणि बायको दोन वर्षांमागं विहिरीत पाय घसरून मेलेली. दुर्गा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव अंगणात दाढी करत होता, तिथं केशरबाई जाऊन उभी राहिली.

"अवो, ते आली होती."

"काय म्हणते?" तो आरशातूनच म्हणाला.

"म्हणते, दुर्गीले बिजवराले देऊ नका."

"तिले सांग," त्यानं गालावरून वस्तरा ओढला, "ह्यात तिचं काम नाई."

केशरबाईच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "तुमाले भेव नाई वाटत तिचं?"

"मेलेल्या मानसाचं काय भेव?" खुशालराव म्हणाला आणि मिशीत हसला. ते हसणं केशरबाईला अजिबात आवडलं नाही. मिरचीच्या भाजीत खडा लागावा तसं ते तिच्या दाताखाली राहिलं.

दुसरेपणावर जाणं वाईटच असतं असं तिचं म्हणणं नव्हतं. ती स्वतः गेली होती आणि राणीसारखी राहिली होती. पण तिला जीभ होती. दुर्गी म्हणजे गाय. कोणी मोठ्यानं बोललं तरी तिच्या डोळ्याला पाणी. तिच्या गळ्यात टाक बांधला तर ती खरोखरच त्याला भिऊन राहील.

रविवारी अकोल्याला सुपारी फोडायचं ठरलं. केशरबाई मोटारीत बसून गेली ती मनाशी एकच धरून, की संध्याकाळपर्यंत काहीतरी सापडलं पाहिजे.

सूर्यभानाचं घर त्याची विधवा बहीण चालवायची, आशाबाई. बोलायला गोड, इतकी गोड की केशरबाईला पाणी प्यावंसं वाटलं. जेवणं झाली. पुरुष माणसं बैठकीत लवंडली. आशाबाई म्हणाली, "चाला वयनी, तुमाले टाकीज दाखवतो. तीनचा खेळ हाय. घरगुती पिक्चर हाय म्हणे, सासू-सुनेचा. दिवे लागायच्या आंदी येऊ, मंग फोडतीन सुपारी."

टाकीजाच्या पाटीवर एक बाई झोपाळ्यावर बसून गाणं म्हणताना काढली होती. झोपाळ्याच्या दोऱ्या वर कुठंच बांधलेल्या नव्हत्या, हे आशाबाईच्या ध्यानात आलं नसावं.

बायकांचं दार बाजूच्या गल्लीत होतं. दारावर एक जाडजूड, सावळी, पन्नाशीची बाई उभी होती. रुपयाएवढं कुंकू, हातात बॅटरी, ओटीत फुटाणे. आत जाणाऱ्या प्रत्येकीला ती ठणकावून सांगत होती, "लेकराले आंदीच मुतवून आना. मधात उठू देनार नाई." आशाबाईला पाहून तिनं तिकीट फाडलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

खेळ सुरू झाला तशी ती बाई येऊन बाकाच्या टोकाला, केशरबाईच्या शेजारीच बसली.

पिक्चर म्हणजे एका मोठ्या घरातली भानगड. घरात सासू, मुलगा, त्याची नवी नवरी. माडीवरच्या खोलीला कुलूप. कोणी विचारलं की सासू म्हणे, तिकडं धान्य आहे. आणि धान्य रोज संध्याकाळी गाणं म्हणे. बाया हसल्या. मग कुलूप आपोआप गळून पडलं आणि बाया हसायच्या थांबल्या.

"डोळे झाका वं!" दारावरची बाई अंधारात ओरडली. बायकांनी डोळे झाकले. पडद्यावर कोणीतरी किंचाळलं. "उघडा आता. गेली ते."

"तुमाले कसं ठाऊक?" केशरबाईनं विचारलं.

"दिवसाचे तीन खेळ, आज आठवा दिवस. त्या भुतीनले मी तिच्या मायपेक्षा जास्त पाह्यलं." तिनं मूठभर फुटाणे केशरबाईच्या हातावर ठेवले. "पहिली बायको हाय ते. ह्या लोकायनं मारून टाकली, अन तापानं मेली म्हनून सांगतलं."

आशाबाईनं हे ऐकलं मात्र, पदर तोंडावर ओढला, दोन्ही कानांत बोटं घातली आणि राम राम म्हणत बाकावर मुटकुळं करून बसली. झोपाळ्याच्या गाण्याला सुद्धा तिनं बोटं काढली नाहीत.

केशरबाईला भीती वाटत नव्हती. राग येत होता. ही कसली भुतीण? डोक्याला तेल नाही, अंगावर पांढरं फटक लुगडं, रिकाम्या खोलीत गाणी म्हणत फिरते. इतकी वर्षं त्या घरात आहे आणि एक चांगलं पातळ काढता आलं नाही तिला.

"ह्या दुसरीच्या गळ्यात टाक असता," ती शेजारणीला म्हणाली, "त हे रामायन झालंच नसतं. पाह्य, मी तीस वर्षं घालून हाव. एक दिवस तरास नाई."

बाईनं बॅटरी पेटवून टाकावर धरली. "कोनाचा?"

"माह्या सवतीचा. मनकर्णेचा. पेढीत बुडाली बिचारी."

बॅटरी विझली.

त्याच वेळी पडद्यावर भुतीण आरशातून बाहेर आली. डोळे झाका म्हणून या खेपेला कोणी सांगितलंच नाही; बायकांची अख्खी बाजू एका दमात किंचाळली. दोन लेकरं रडायला लागली. दारावरची बाई मात्र समोर पाहत तशीच बसलेली.

"कोन्या गावची वं तू?" तिनं विचारलं.

"वलगावची."

"देवळामांगचं घर? दाराशी दगडाचा रांजन?"

"तोच. तुमी वळखता आमाले?"

"वळखतो."

"मंग आमच्या मालकाचं नाव बी माहीत असंन."

"असंन त. हाय ना माहीत."

"सांगा बरं."

बाईनं तोंड उघडलं. मिटलं. केशरबाई म्हणाली, "घ्या ना. मले नाव घेता येत नाई, तुमाले काय अडचन हाय?"

बाईनं डोक्यावर पदर ओढून घेतला.

केशरबाईच्या हातातले फुटाणे खाली सांडले. खुशालराव हे नाव वलगावातलं शेंबडं पोरगंही घेतं. ते ज्यांच्या ओठाशी येऊन अडतं आणि सोबत पदरही डोक्यावर चढतो, अशा बाया त्या घरातल्याच. आणि त्या घरातल्या सगळ्या बाया केशरबाईला माहीत होत्या. एक सोडून.

तिनं बाईच्या हातातली बॅटरी हिसकली आणि पेटवून सरळ तिच्या पायांवर धरली. पावलं पुढंच होती. टाचा मागंच होत्या, चांगल्या भेगाळलेल्या. मग तिनं मनगट धरून पाहिलं. गरम होतं, फुटाण्याच्या मिठानं खरखरीत.

"तू मेली नाई?"

"नाई माय."

"मधात कवा तरी?"

"एक दिवस बी नाई."

पडद्यावर सासू जिन्यावरून गडगडत खाली येत होती. तिकडं दोघींपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

"तीस वर्षं," केशरबाईनं बॅटरी बाकावर आपटली, "तीस वर्षं मी तुह्यापुढं पहिला घास ठेवून राहिली! आखाजीले पुरनाची पोळी! तुपासंगं!"

"माह्यापाशी एक बी नाई पोचली. अन पुरन मले सोसतच नाई, पोट धरते."

"अन लुगडी?"

"लुगडी बी मागतली मी?" मनकर्णेनं कुतूहलानं विचारलं. "कोनती?"

"हिरवी. काठाची."

"चांगली मागतली." मनकर्णेला हसू आलं. ते तिला आवरेना, आणि तिचं जाडजूड अंग हलायला लागलं तसा सगळा बाक हलायला लागला. केशरबाई रागानं थरथरत होती, की तीही हसत होती, हे तिचं तिलाच कळलं नाही.

मग मनकर्णेनं सांगितलं. सहा वर्षं मूल नाही म्हणून सासू तापलेलं उलथनं दंडावर ठेवायची. "अन मधात खाट टाकून आपनच झोपे. लेकरू का वाऱ्यानं होते?" एका पहाटे नदीवर लुगडं दगडावर ठेवलं, आतून दुसरं नेसलेली होती, आणि बडनेऱ्यापर्यंत चालत गेली. अकोल्याला आली. इथं एका माणसाशी पाट लावला. तो टाकीजात मशीन चालवतो. चार लेकरं झाली. "सासूनं पुरात गेली म्हनून सांगतलं. सून पयाली म्हटलं असतं, त तुह्या बापानं तुले देल्ली असती का त्या घरात?"

"माह्या बापाचं जाऊ दे." केशरबाईला एक मिशीतलं हसणं आठवलं होतं. "आमच्या घरी... त्यायले ठाऊक हाय?"

"दहा वर्षं झाले. कापूस घेऊन आलते, पिक्चर पाह्याले बी आले. ह्या गल्लीतून जाताना मी दिसली. तिकीट हातात तसंच, गेले पयत. खेळ पाह्यला नाई."

दहा वर्षं! केशरबाईनं अंधारात हिशेब केला. विहीर सहा वर्षांमागची. म्हणजे बुडालेली बाई विहीर मागत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असताना त्यानं विहीर खोदली. ठाऊक असताना लुगडी आणली. मग तो देत कोणाला होता? तिला एकदम अंगावर नवं पातळ चढवल्यासारखं झालं, आणि लगेच संतापही आला, कारण लबाडी करावी ती तिनं. नवऱ्यानं तिच्यावर वरताण करावी म्हणजे काय?

मध्यंतराचे दिवे लागले. आशाबाई सोडा प्यायला म्हणून भिंतीला धरून बाहेर गेली. मनकर्णा तिच्या पाठीकडे पाहत राहिली.

"हिच्याच घरी देऊन राहिले का पोरगी?"

"सुपारी हाय आज. तुले ठाऊक हाय का काई?"

"ह्या दारातून अकोल्याच्या सगळ्या बाया जाते." मनकर्णेचा आवाज आता खाली आला. "हिची भावजय येत होती. उंच, गोरी, डाव्या हाताची बोटं भाजलेली. कोनताबी खेळ असो, बाकावर टेकली की निजे. मारामारीचा पिक्चर असो, बाया बोंबलोत, ते निजलेलीच. मी उठवाले गेली की म्हने, मावशी, आजून घडीभर. घरी निजू देत नाई." तिनं ओटीतले फुटाणे चाचपले. "विहिरीत पाय घसरला म्हनतात. मी काई पाह्यलं नाई. पन तिचं निजनं पाह्यलं."

भुताच्या पिक्चरनं जे झालं नव्हतं ते आता झालं. केशरबाईला भीती वाटली.

"आता मले काढ गळ्यातून," मनकर्णा म्हणाली.

"काहून? राह्य ना तू. तुह्याशिवाय माह्यं घर चालत नाई," केशरबाई म्हणाली. "आज त तुह्यं लय काम हाय."

खेळ सुटला तेव्हा ऊन घरांच्या माथ्यावर गेलं होतं. सूर्यभानाच्या बैठकीत तबक मांडलेलं. मध्यस्थी करणाऱ्या डोमाजीनं सुपारी अडकित्त्यात धरलीच होती. आशाबाई चहा आणायला आत गेली आणि केशरबाई दारात उभी राहिली.

"थांबा. ते आली होती."

सूर्यभानानं भुवया वर केल्या. खुशालराव हसून म्हणाला, "आमच्या घरची पहिली. सपनात येत असते हिच्या. अवं, मी तुले म्हटलं ना, मेलेल्या मानसाचं..."

"फुटाने खात होती."

"काय?"

"टाकीजच्या गल्लीत, बायकायच्या दारावर. हातात बॅटरी होती."

खुशालरावाचं हसू मिशीतच वाळलं.

"भूत बॅटरी घेऊन फिरते का वं मावशी?" सूर्यभान खदखदून हसला.

"अंधारात तिले बी दिसाले पायजे ना पावने." मग नवऱ्याकडे वळून, शांतपणे: "म्हने, दहा वर्षांमांगं तुमचं तिकीट वाया गेलं. म्हने, सगळं सांगू का इथं, बसल्या लोकायले?"

"नको!" खुशालराव इतक्या जोरानं म्हणाला की डोमाजी दचकला. "आजून... आजून काय म्हने?"

"तिच्यासंगं आजून एक होती. तरनीताठी. उंच, गोरी, डाव्या हाताची बोटं भाजलेली. बाकावर निजली होती. म्हने, मले उठवू नका, घरी निजू देत नाई."

आतल्या दारात कपबशा फुटल्या. आशाबाई चहाच्या थारोळ्यात मटकन खाली बसली आणि कानांत बोटं घालून राम राम म्हणायला लागली.

सूर्यभान उभा राहिला. त्याच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला होता. "बोटायचं कोनं सांगतलं तुमाले?"

कोण बाई, कसली बोटं, हे त्यानं विचारलं नव्हतं. खुशालराव त्याच्याकडे पाहत होता. केशरबाईला वाटलं होतं, नवरा आपल्या भेवानं उठेल. पण तो तिच्याकडे पाहतच नव्हता. एखाद्या माणसाला आपलंच जुनं घर रस्त्यात दिसावं, तसा तो सूर्यभानाकडे पाहत होता. मग त्यानं डोमाजीच्या अडकित्त्यातून अख्खी सुपारी काढून घेतली, खिशात टाकली आणि जोडे पायात घातले.

"आमी निंगतो," तो म्हणाला.

मोटार बोरगावपर्यंत आली. केशरबाईला बोलायचं इतकं होतं, की कुठून सुरुवात करावी हेच तिला सापडत नव्हतं, आणि असं तिला जन्मात झालं नव्हतं.

"तिच्या दंडावर डाग होते," खुशालरावच बोलला, खिडकीबाहेर पाहत. "मी पाह्यले होते. आदल्या राती बी पाह्यले. अन कूस बदलून निजलो. मंग माय म्हने बुडाली, त मी बी म्हटलं बुडाली."

"हे दुर्गीले सांगा," केशरबाई म्हणाली.

"दुर्गीले? काहून? सूर्यभानाचं सांग न तिले तू. तेवढं पुरे."

"ते सांगतोच मी. पन आज नाई त उद्या, कोन्या ना कोन्या घरी देसानच ना तिले? गायीवानी पोर हाय. तिले माहीत पायजे का, नाई जमलं त घरातून निंगता येते. निंगलेली बाई मरत नाई, फुटाने खाते. अन हे तिले बापाच्या तोंडून समजलं पायजे. माह्यं कोन आयकते? मी सपनं पाह्यनारी बाई."

खुशालरावानं मान खाली घातली. पण "बरं" म्हणाला नाही.

"म्हना," केशरबाई म्हणाली. "इथंच म्हनून पाहा. मूर्तिजापूर येईपर्यंत कोनी वळखीचं चढत नाई."

त्यानं घसा साफ केला. "दुर्गे," तो हळूच म्हणाला, "तुही मोठी माय... मनकर्णा... तिले आमी..."

तिथं अडलं. पुढच्या बाकावरचा माणूस वळून पाहू लागला. खुशालरावानं पुन्हा घसा साफ केला, पुन्हा तिथंच येऊन थांबला.

"पुन्हा," केशरबाई म्हणाली.